कसौलीचा उतार आणि मधलं पेडल

सांगलीला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग, चंदीगडला काय काय बघितलंत?" मी तळ्याचं, गुलाबांच्या बागेचं, फुटक्या कपबश्यांच्या पुतळ्यांचं वर्णन करावं अशी लोकांची अपेक्षा असते. यातलं मी काहीही बघितलेलं नाही. तिथे होते तेवढे दिवस मी फक्त स्वतःचा उजवा पाय बघत होते. तोंडी सांगायला गेलं की प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडते आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो, म्हणून आता लिहूनच काढते.

सांगलीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. बाईमाणूस गाडी शिकवते म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग आपल्या सुना-मुलींना माझ्याकडेच पाठवू लागले. शिकणारा चुकला की शेजारच्या सीटवरून सावरायचं, हा माझा धंदा. उजव्या हातात हँडब्रेक, नजर रस्त्यावर आणि तोंडात "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!"

माझा थोरला भाऊ चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात भूल देणारा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांना झोपवतो आणि रविवारी मेलेल्या मोटारी उठवतो, असं वहिनी म्हणते. तिचं म्हणणं खरं आहे. जुन्या फटफट्या, जुन्या मोटारी, त्यांचे भंगारातून शोधलेले दिवे, यातच दादाची सगळी हौस गेली. रस्त्यावर नव्या गुळगुळीत गाड्यांची रांग लागली तसा त्याचा जीव जुन्यांमध्ये आणखी अडकत गेला.

त्याचा फोन आला तो असा. "शाले, माझा हात मोडलाय. एक गाडी चालवायची आहे. लगेच निघ." हात कसा मोडला, तर जुनी गाडी पुढून हँडल मारून सुरू करताना ते उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. कुणाची गाडी, कुठे चालवायची, यातलं काही त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गाडी चालवायची, त्यात विचारायचं काय?

सेक्टर चोवीस

रेल्वेचं सांगत नाही, दोन दिवस बसून पाठ मोडली एवढं पुरे. दादाचं घर सेक्टर चोवीसमध्ये. या शहरात वस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आमच्याकडे पत्ता सांगायला एक मारुती, एक पिठाची गिरणी आणि कुणाचं तरी तापट कुत्रं लागतं. इथे दोन आकडे सांगितले की रिक्षावाला निघतो. रस्ते पाहून मात्र मी हरखले. रुंद, झाडांच्या सावलीतले, चौकाचौकात मोठाले गोल. असा एक रस्ता मला शिकवायला मिळाला असता तर माझ्या डोक्यावरचे निम्मे केस अजून काळे असते.

भाचीने दारातच विचारलं, "आत्या, आप सच में लोगों को गाड़ी सिखाते हो?" मी मराठीत हो म्हणाले. तिला कळलं, पण पुढचा प्रश्न पुन्हा हिंदीतच आला. वहिनीने राजमा-भात केला होता आणि खास माझ्यासाठी तिकडच्या भोपळ्याएवढ्या वांग्याचं भरीत. जेवताना दादा डाव्या हाताने घास घेत होता आणि नजर चुकवत होता. हा माणूस काहीतरी लपवतोय, हे मला पहिल्या पोळीलाच कळलं.

सेक्टर नऊ

दुसऱ्या दिवशी दादा मला सेक्टर नऊमधल्या एका जुन्या कोठीवर, म्हणजे बंगल्यावर, घेऊन गेला. तिथे निवृत्त ब्रिगेडियर साहेब राहतात. ऐंशीच्या घरातले, सरळ ताठ, पांढरी दाढी नीट बांधलेली, पगडीची एक घडी इकडची तिकडे नाही. डोळ्यांना काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, त्यामुळे गाडी चालवणं कधीच बंद झालेलं. मुलगा कॅनडात. कोठी विकायची ठरली होती, साहेब मुलाकडे जाणार होते. प्रश्न उरला होता गॅरेजमधल्या रानीचा.

रानी म्हणजे साहेबांच्या वडिलांची इंग्रजी मोटार, एकोणीसशे तीसच्या दशकातली, गडद हिरवी, तारांच्या चाकांची. साहेब हिच्यावरच गाडी शिकले. पुढे ती बंद पडून वर्षानुवर्षं तशीच पडली होती. दादाने रविवारमागून रविवार घालवून ती खिळा न् खिळा काढून वेगळी केली आणि पुन्हा जोडली. आता तिला मागणी आली होती झिरकपूरहून. तिकडे हमरस्त्यावर लग्नाची मोठमोठी कार्यालयं उठली आहेत, त्यांना पॅलेस म्हणतात. अशाच एका पॅलेसवाल्याला रानी फाटकापाशी चौथऱ्यावर ठेवायची होती, इंजिन काढून, म्हणजे तेल गळायला नको. नवरदेवाने तिच्यात बसून फोटो काढायचा.

साहेबांनी चहा आणि पनीरची भजी पुढे केली आणि अट सांगितली. "देखो बेटा जी, रानी एक बार कसौली जाके अपने पैरों पे घर आ गई, तो डॉक्टर की। नहीं आई, तो फिर वो मूर्ति है। मूर्ति पैलेस में भी अच्छी लगेगी।"

"और चलाएगा कौन?" मी विचारलं.

"घर का बंदा। भाड़े का ड्राइवर नहीं।"

दादा खिडकीतून बाहेर बघत होता. घरचा माणूस कोण, ते मला तेव्हा समजलं. रविवारी निघायचं आणि संध्याकाळी पॅलेसवाला उत्तर घ्यायला येणार, असं सगळं माझ्या माघारी ठरलेलं होतं.

मी रानीत बसले. साहेबांनी बटण दाबलं, इंजिन छान गुरगुरलं. क्लच सोडला, गाडी हलली, समोर डेलियाच्या कुंड्यांची ओळ आली म्हणून मी ब्रेक दाबला. गाडीने झेप घेतली आणि दोन कुंड्यांचा चुराडा केला.

"ते ब्रेक नाही," दादा हळूच म्हणाला. "ती रेस आहे."

वाकून बघितलं. डावीकडे क्लच, मधे रेस, उजवीकडे ब्रेक. त्या काळच्या काही इंग्रजी गाड्यांत असंच असायचं म्हणे. मी कितीतरी वर्षं लोकांच्या पायांना शिकवत आले की ब्रेक मधे, रेस उजवीकडे, मान न वळवता, विचार न करता. आणि इथे विचार न करणाऱ्या पायानेच घात होणार होता. नवशिक्याला हे दोन दिवसांत जमलं असतं. मला जमणं अवघड होतं, कारण मी शिकवणारी.

मनीमाजरा

गाडीच्या काही नळ्या करून घ्यायला दादा मला मनीमाजऱ्यात घेऊन गेला. आकड्यांच्या शहराच्या पोटात हे एक जुनं, वाकड्या गल्ल्यांचं गाव आहे. तळलेल्या जिलबीचा वास, लेथचा आवाज, दारात वाळत टाकलेल्या रजया. तिथे आल्यावर मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. लेथवाल्याला मी पेडलांचं चित्र काढून दाखवलं. एका दुपारचं काम आहे, दोन दांड्या बदलल्या की रेस उजवीकडे जाईल, असं तो म्हणाला.

"नाही," दादा म्हणाला.

"अरे, माझा पाय फसेल घाटात!"

"शाले, तिचा एकही खिळा मी नवीन विचाराने बसवलेला नाही. जशी होती तशी. पेडल हलवलं तर ती गाडी राहील, पण रानी राहील का?"

या जुन्या गाड्यांच्या माणसांशी वाद घालता येत नाही. अस्सल हा शब्द आला की त्यांचे कान बंद होतात. मी आणखी एक जिलबी घेतली. 

उरलेल्या दिवसांत पहाटे मोकळ्या रस्त्यांवर सराव केला. "उजवा ब्रेक, उजवा ब्रेक" असं मोठ्याने म्हणत मी सेक्टरांना फेऱ्या घातल्या. फिरायला निघालेले सरदारजी थांबून बघायचे. हळूहळू पाय ऐकू लागला. दादा खूश झाला. मी नव्हते, कारण पाय ऐकत होता तो मी बोलत होते म्हणून.

कसौली

रविवारी सकाळी निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी साहेब, मागे दादा आपलं प्लास्टर मांडीवर घेऊन. वहिनी त्यांच्या छोट्या नव्या गाडीतून मागे, डबे आणि ओढायचा दोर घेऊन. "दोर कशाला?" म्हणून दादा चिडला, पण तिने तो काढला नाही.

पिंजोर, काळका मागे पडलं आणि चढ लागला. वरून सफरचंदांचे ट्रक उतरत होते, वळणावळणावर वास सोडून जात होते. चढाला ब्रेक फारसा लागत नाही. रानी दुसऱ्या गियरमध्ये कण्हत कण्हत, पण एकदाही न थांबता चढली. चीडाची, म्हणजे पाइनची झाडं सुरू झाली, हवा गार झाली. साहेब वडिलांच्या गोष्टी सांगत होते. याच गाडीतून त्यांना पहिल्यांदा डोंगरातल्या शाळेत सोडलं होतं आणि ते पूर्ण रस्ताभर रडले होते.

कसौलीत बनमध्ये समोसा कोंबून देतात, वर गोड चटणी. आपल्या वडापावचा हा पहाडी चुलतभाऊ. माकडाने दादाचा बन पळवला आणि एका हाताचा दादा काही करू शकला नाही. सगळे हसले. साहेब म्हणाले, "आधी शर्त तो हो गई, डॉक्टर।" दादाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला तेव्हा हसूही येत होतं आणि उतार दिसतही होता.

उतार

उतरताना मी बोलणं थांबवलं नाही. "उजवा ब्रेक." वळण. "उजवा ब्रेक." पुढचं वळण. घसा कोरडा पडला. धरमपूरच्या अलीकडे साहेबांनी काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. तेवढंच. तेवढ्यात वळणावरून एक बस ट्रकला मागे टाकत थेट आमच्या अंगावर आली.

माझा पाय मधे गेला. इंजिन किंचाळलं, रानी पुढे धावली, आणि गाडी थांबत नाही म्हणून मी आणखी जोरात दाबलं. माझे विद्यार्थी हेच करतात. त्यांच्यावर मी किती ओरडलेय! पाय ऐकत नाही हे कळलं, पण तो उचलताही येईना. मग हाताने काम केलं. शेजारी बसून सावरायची सवय हातांना होती, डाव्याने हँडब्रेक खेचला, उजव्याने स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं. बस घासून निघून गेली. रानी डावीकडच्या गटारात उतरून कड्याला टेकली आणि बंद पडली.

माझ्या तोंडात रक्ताची चव आली, ओठ दाताखाली आला होता. साहेबांची पगडी सरकली होती, बाकी ते ठीक होते. मागचं दार उघडलं. दादा उतरला, धावत पुढे गेला आणि डाव्या दिव्यापाशी खाली बसला.

"काच गेली," तो म्हणाला. "अस्सल काच होती, शाले."

मला इतका संताप आला की मी तशीच खाली उतरले. "दादा, मीसुद्धा अस्सलच आहे! माझ्याकडे कोण बघणार?"

दादाने मान वर केली, माझा ओठ पाहिला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो उठून आला, एका हाताने रुमाल काढायला लागला, पण तो खिशातून निघेना. शेवटी वहिनीने धावत येऊन पदराने माझं रक्त टिपलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं की मला त्याची दयाच आली.

मागून आलेल्या ट्रकवाल्यांनी रानीला गटारातून वर ओढलं आणि मडगार्ड वाकवून चाकापासून सोडवला. एका हाकेत इंजिन सुरू झालं. पण मी बसायला तयार नव्हते. स्पष्ट सांगितलं, माझ्या पायाचा मला भरवसा राहिलेला नाही. दादाचा हात गळ्यात. वहिनी म्हणाली, "मी त्या गाडीच्या दारालासुद्धा हात लावणार नाही." ट्रकवाला म्हणाला, लादून नेतो, पण मग रानी अपने पैरों पे येणार नव्हती. दादाने मान हलवली. "साहब, पैलेस वाले को दे दीजिए," तो म्हणाला. मग तो दिव्यातली फुटकी काच वेचू लागला.

साहेब कठड्यावर बसून पगडी नीट करत होते. ती पूर्ण झाल्यावर उठले, गाडीला वळसा घालून आले आणि स्टिअरिंगवर बसले.

"शर्त में ये कहाँ था कि चलाएगा कौन? घर का बंदा हूँ कि नहीं?" मग माझ्याकडे वळून, "पुत्तर, पैर मेरे पास हैं। देखने वाला चाहिए।"

मी लायसन्स मिळवून देणारी बाई. बाजूचं न दिसणाऱ्या माणसाला गाडी देणं हे मला मुळीच पटत नव्हतं. मी तसं म्हणालेही. साहेब नुसते पेडलांवर पाय ठेवून बसले. मग मी त्यांच्याशी तेच केलं जे मी प्रत्येक नवशिक्याशी करते. इंजिन बंद करून शेजारी बसले आणि अचानक ओरडले, "ब्रेक!" पाय उजवीकडे. "रेस!" मधे. "ब्रेक! क्लच! ब्रेक!" त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही आणि एकदाही चुकले नाहीत. माझा पाय ज्यात आयुष्यभर नापास झाला असता, त्यात हा म्हातारा पहिल्या नंबराने पास झाला.

मी अटी घातल्या. वहिनी पुढे, दिवे लुकलुकत ठेवून. पहिल्या-दुसऱ्या गियरच्या वर नाही. माझा हात हँडब्रेकवर, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं, ब्रिगेडियर असा वा आणखी कुणी. "यस मैडम," साहेब म्हणाले. मला हसू आलं नाही.

काळका

तो घाट मी नुसत्या तोंडाने उतरले. मी सतत बोलत होते. "उजवीकडून ट्रक. जवळ आला. गेला. डावीकडे बाई, डोक्यावर मोळी. थोडं उजवीकडे." साहेबांचे हात हलके होते, ब्रेक मऊ लागत होता.  परवाणूला सपाटी दिसू लागली तेव्हा मी म्हणाले, "आता मी घेते." साहेबांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांना ऐकायचं नव्हतं.

काळक्याच्या बाजारात रविवारची गर्दी होती. सायकलरिक्षा, हातगाड्या, फाटकापाशी अडकलेल्या बसेस. तिथे डावीकडच्या बोळातून एक स्कूटर सरळ आमच्या पुढे निघाली, मागे लहान मुलीला घेतलेली बाई. साहेबांना ती दिसणं शक्य नव्हतं. "ब्रेक!" मी किंचाळले आणि हँडब्रेकही खेचला, पण त्याची गरज पडली नाही. माझा शब्द संपायच्या आत त्यांचा पाय उजवीकडे गेला होता. स्कूटर पुढच्या चाकासमोरून निघून गेली. त्या मुलीने मागे वळून रानीकडे बघत हात हलवला.

 "बच्चा था?" साहेबांनी विचारलं.

"हो. ठीक आहे. गेली."

"वाहेगुरू," ते म्हणाले आणि गियर टाकला. त्यानंतर थेट घरापर्यंत त्यांनी माझ्या सूचनांखेरीज कशाकडेही लक्ष दिलं नाही.

पुन्हा सेक्टर नऊ

दिवस मावळता मावळता रानी कोठीच्या फाटकातून आत शिरली. पॅलेसवाला लॉनवर चहा पीत बसला होता. वाकलेला मडगार्ड आणि फुटलेला दिवा पाहून तो उठून आला. "कोई बात नहीं सरजी, ये साइड दीवार की तरफ़ कर देंगे।"

"ये अपने पैरों पे आई है," साहेब म्हणाले. "तुम चाय पियो और जाओ।" चहा अर्धाच ठेवून तो गेला.

इंजिन बंद झालं. साहेब उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. दादा दार उघडून उभा होता. किती रविवार त्याने या क्षणासाठी घालवले होते, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझाही राग तोवर गेला होता.

"डॉक्टर, गड्डी तेरी," साहेब म्हणाले. त्यांनी किल्ली काढली. दादाचा चांगला हात आपोआप पुढे झाला. साहेबांनी किल्ली दिली नाही. मूठ मिटली. "चाबी आज मेरे पास रहने दे, यार। कल ले जाना।"

दादाचा हात तसाच हवेत होता. मग तोच हात त्याने साहेबांना उतरायला आधार म्हणून दिला.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले, म्हणजे रेल्वेच्या. दिवाळीला दादाचा फोन आला. कोठीची विक्री साहेबांनी पुढे ढकलल्याचं तो म्हणाला, आणि आपण अजून दर रविवारी तिथे जातो असंही. कॅनडातला मुलगा रागावलाय. मी विचारलं, "आणि किल्ली? दिली का?"

"मी मागितलीच नाही, शाले."

"मग दर रविवारी तिथे जातोस कशाला?"

"ते सुरू करतात," दादा म्हणाला. "फाटकापर्यंत नेतात आणि परत आणतात. मी शेजारी बसतो."